ब्रॉली चालते, मग नाउट का चालत नाही?

इंग्लंडमध्ये छत्रीला दोन नावं आहेत. विम्याच्या कागदावर आणि दुकानाच्या पाटीवर ती 'अम्ब्रेला' असते. मूल दप्तर घेऊन दाराबाहेर पडत असतं आणि आई मागून ओरडते, तेव्हा ती 'ब्रॉली' होते. हे दुसरं नाव इंग्रज माणसाच्या जिभेवर किती प्रेमाने येतं, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. छत्रीला ब्रॉली म्हटलं म्हणून तिथे कुणाचं इंग्रजी कच्चं ठरत नाही, कुणाचे आईबाप काढले जात नाहीत. मला या लेखात विचारायचं आहे ते एवढंच, की हे प्रेम या शब्दाच्या वाट्याला आलं कसं, आणि त्याच देशातल्या दुसऱ्या कितीतरी घरगुती शब्दांच्या, उदाहरणार्थ 'काही नाही' या अर्थाच्या 'नाउट'च्या, वाट्याला ते का आलं नाही.

आधी शब्दाची घडण बघू. अम्ब्रेला उच्चारताना जोर पडतो तो मधल्या 'ब्रे'वर. बिनजोराचं पहिलं अक्षर गळलं, 'ए'चा 'ऑ' झाला आणि शेवटी लाडाची 'ई' चिकटली. टेलिव्हिजनचं 'टेली' आणि वेलिंग्टन बुटांचं 'वेली' याच वळणाने झालं. आपल्याकडे प्रकाशचा पक्या होतो आणि सुरेशचा सुऱ्या, तसंच हे. लग्नपत्रिकेत प्रकाश, कट्ट्यावर पक्या. पत्रिकेत नाव नीट छापलं जावं म्हणून कट्ट्यावर पक्या म्हणायला कुणी बंदी घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझी भाची इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका गावात वाढते आहे. ती नऊ वर्षांची असताना बहिणीने तिच्या निबंधाच्या वहीचे फोटो मला पाठवले होते. पावसात सहलीला गेल्याची हकिगत होती. पहिल्या पानावर तिने 'ब्रॉली' लिहिलं होतं आणि बाईंनी शेजारी हसरा चेहरा काढला होता. पुढच्या पानावर तिने मैत्रिणींना उद्देशून 'यूझ' असं लिहिलं होतं, म्हणजे 'तुम्ही सगळ्या'. त्याभोवती लाल गोल आणि 'हा शब्द नाही' असा शेरा. मी सिंधुदुर्गात बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याच्या लाल शाईकडे माझं लक्ष लगेच जातं. दोन्ही शब्द बोलण्यातले, एकही प्रमाण इंग्रजीतला नव्हे. एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला थेट 'तू शब्दच नाहीस'. ते पान माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून मी ब्रॉलीचा माग काढत गेले.

१९व्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवर छत्र्या दुरुस्त करत फिरणारी माणसं होती. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांवर जे प्रचंड लेखन केलं, त्यात ती येतात. रस्त्यावरचं त्यांचं नाव होतं 'मशरूम-फेकर', तेच तुटून 'मश-फेकर' झालं. फेकर म्हणजे तेव्हा लबाड नव्हे, तर हातांनी काहीतरी करणारा, घडवणारा. आणि मशरूम म्हणजे छत्री. उघडलेली छत्री अळंबीसारखी दिसते आणि अळंबीसारखीच बघता बघता फुलते, असं मेह्यूने या नावाचं मर्म सांगितलं आहे. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आपण याच्या बरोबर उलट दिशेने गेलो आहोत: पहिल्या पावसानंतर शेणखताच्या ढिगावर उगवते तिला आपण कुत्र्याची छत्री म्हणतो, पुस्तकात भूछत्र. आपल्याला अळंबीत छत्री दिसली, लंडनच्या त्या फाटक्या कारागिरांना छत्रीत अळंबी दिसली. दोन्हीकडे पाहणाऱ्याचा डोळा तितकाच तल्लख आहे.

'मश' हा शब्द 'ब्रॉली'पेक्षा मला कितीतरी जास्त आवडतो. त्यात चित्र आहे. ब्रॉलीत नुसती काटछाट आहे.

ब्रॉली छापील कागदावर आली ती १८७०च्या दशकात. जुन्या बोलीकोशांत तिचं कूळ दिलेलं आहे: आधी विंचेस्टर या श्रीमंतांच्या निवासी शाळेच्या मुलांत, तिथून ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत. जॉन कॅम्डन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाने १८५९ मध्ये बोलभाषेचा एक कोश काढला होता. त्याच्या लांबलचक शीर्षकात हे शब्द कुठून गोळा केले याची यादीच होती: लंडनचे रस्ते, ऑक्सफर्ड-केंब्रिज, पार्लमेंटची दोन्ही सभागृहं, सेंट जाइल्सचे अड्डे आणि सेंट जेम्सचे राजवाडे. म्हणजे चोर, विद्यार्थी, खासदार आणि सरदार, सगळे आपापल्या टोळीची भाषा बोलतात हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कोशाच्या पानावर ते सगळे एका पंगतीत बसले. पानाबाहेर काय झालं? एकाच वस्तूचे, एकाच शतकातले, एकाच देशातले दोन शब्द. रस्त्यावरच्या कारागिराचा मेला. आज इंग्लंडमध्ये कुणाला 'मश' म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे छत्री येणार नाही. विंचेस्टरच्या मुलांचा मात्र साऱ्या राष्ट्राचा लाडका झाला.

कुणी म्हणेल, शब्द जगतात नि मरतात, त्यात जात-वर्ग कशाला शोधायचा. एखाद्या एकट्या शब्दाबद्दल ते खरंही असेल. पण विंचेस्टरच्या मुलांची भाषा त्या शाळेत कशी वागवली जात होती ते बघण्यासारखं आहे. १३८२ मध्ये स्थापन झालेल्या त्या शाळेत मुलांची स्वतःची अशी एक बोलीच होती. त्या शब्दांना ती 'नोशन्स' म्हणत. शाळेत नवा आलेला मुलगा हे शब्द पाठ करत असे, मोठी मुलं त्याची तयारी करून घेत आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याची त्यावर परीक्षा होई. नोशन्सच्या छापील पोथ्याही निघाल्या. बाहेरच्या जगात ज्याला उनाड पोरांची भाषा म्हटलं असतं, ती तिथे प्रवेशाची खूण होती. ती येत नसेल तर तुम्ही आत नाही.

त्याच बेटावर, त्याच शतकात, वेल्समधल्या काही शाळांत वेगळंच चाललं होतं. मुलाने वर्गात आपली मातृभाषा वेल्श उच्चारली की त्याच्या गळ्यात लाकडाची एक फळी अडकवत. पुढे दुसरं कुणी वेल्श बोललं की फळी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ती ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. 'वेल्श नॉट' म्हणतात तिला. १८४७च्या शाळा-पाहणीच्या सरकारी अहवालातही अशा फळीची नोंद आहे. फळी पुढे सरकवायची तर मुलांनी एकमेकांवर पाळत ठेवायची, आपल्याच मित्राच्या तोंडून आपल्याच आईची भाषा कधी निसटते याची वाट बघायची. मी शिक्षिका होते. या युक्तीतला क्रूरपणा मला अंगावर येतो, कारण ती किती परिणामकारक असेल हे मला कळतं.

एकीकडे टोळीची बोली आली नाही तर परीक्षेत नापास, दुसरीकडे घरची भाषा आली म्हणून गळ्यात फळी. ब्रॉलीचा जन्म या दोहोंतल्या पहिल्या बाजूला झाला. तिची पुढची सगळी वाट तिथेच मोकळी झाली.

आणि वाट खरोखर मोकळी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात पॅराशूटने उडी घेण्याला 'ब्रॉली-हॉप' म्हणत. पुढे क्रिकेटच्या समालोचनात प्रेक्षकांतल्या उघडलेल्या छत्र्या ब्रॉलीच झाल्या. २१ नोव्हेंबर २००७ला वेम्बलीवर क्रोएशियाने इंग्लंडला ३-२ हरवून युरो स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हा प्रशिक्षक स्टीव्ह मॅकलॅरन मैदानाच्या कडेला छत्री धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी ते 'ब्रॉलीवाला वॉली', म्हणजे छत्रीवाला बावळट, म्हणून पेपरात झळकले आणि नोकरीही गेली. मोठ्या खपाचं वर्तमानपत्र हा शब्द मथळ्यात घालतं आणि कुठल्याही मुख्याध्यापकाला भाषा बुडाल्याचं वाटत नाही, यावरून शब्दाची पत कळते.

ब्रॉलीवरच्या मायेचं एक ठरलेलं स्पष्टीकरण दिलं जातं: पाऊस. इंग्रजाचं आणि पावसाचं नातं असं, म्हणून छत्रीला लाडाचं नाव. मला हे पटत नाही. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. पावसाच्या मापाने लाड व्हायचे असते तर छत्रीला सर्वांत जास्त लाडकी नावं कोकणात असायला हवी होती. शिवाय पाऊस मश-फेकरच्या डोक्यावरही पडतच होता, आणि त्याच्यापाशी तर दुसऱ्यांच्याच छत्र्या असत.

छत्री ही मुळात फार वर्गजाणिवेची वस्तू आहे. 'अम्ब्रेला' आला सावलीसाठीच्या लॅटिन 'उम्ब्रा'वरून, आणि आपली छत्री छत्रावरून. ते डोक्यावर धरलं जाणं हा राजाचा मान. छत्रपती या शब्दाची फोड मराठी माणसाला करून सांगायला नको. लंडनमध्ये १८व्या शतकात गोष्ट उलटी होती. १७५०च्या सुमारास जोनास हॅनवे नावाचा व्यापारी आणि परोपकारी गृहस्थ रोज छत्री घेऊन रस्त्याने चालू लागला, तेव्हा लोक त्याच्यावर हसले, भाड्याच्या घोडागाडीवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या. छत्री बायकांची किंवा फ्रेंचांची मानली जाई. शिवाय छत्री हातात असणं म्हणजे दारात गाडी नसणं, आणि गाडीवाल्यांच्या दृष्टीने पावसातलं एक भाडं बुडणं. पुढे १८५२ मध्ये सॅम्युअल फॉक्सने शेफील्डजवळ स्टॉक्सब्रिजला पोलादाच्या पन्हाळीसारख्या काड्यांची छत्री बनवली. ती इतकी हलकी आणि सडपातळ, की गुंडाळली तर काठीसारखी दिसावी. तिथून गोल टोपी आणि घट्ट गुंडाळलेली छत्री ही लंडनच्या पेढ्यांतल्या साहेबाची निशाणी झाली. आणि जी छत्री फुगीर, सैल, कशीतरी बांधलेली, तिला वेगळं नाव मिळालं, 'गॅम्प'. डिकन्सने १८४३-४४ मध्ये लिहिलेल्या कादंबरीतल्या सेरा गॅम्प या दारुड्या सुईण-नर्सच्या हातातल्या छत्रीवरून ते आलं. म्हणजे गरीब बाईच्या छत्रीला हसण्यासाठी एक शब्द, श्रीमंत मुलाच्या छत्रीचे लाड करण्यासाठी दुसरा. गॅम्प हा शब्दही आता पुसट झाला आहे.

आता आजच्या वर्गाकडे येते. २०१३ या एकाच वर्षात इंग्लंडमध्ये निदान तीन ठिकाणी शाळांनी मुलांच्या बोलण्यातले शब्द याद्या करून नाकारले आणि त्याच्या बातम्या झाल्या. दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने फलक लावला: 'इनिट' (हो ना), 'एन्ट' (नाही), 'कॉझ' (कारण), 'बेअर' (खूप) वगैरे शब्द शाळेत बोलायचे नाहीत. उत्तरेकडच्या मिडल्सब्रोमधल्या एका प्राथमिक शाळेने पालकांना पत्र पाठवून घरीही 'यूझ', 'नाउट', 'गिझिट' (दे मला) यांसारखे शब्द मुलांना सुधारून सांगायला सांगितलं. बर्मिंगहॅमजवळच्या हेल्सओवेनमधल्या शाळेने तिथल्या, ब्लॅक कंट्री म्हणतात त्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातल्या बोलीच्या शब्दप्रयोगांची यादी काढली. या याद्यांत गरीब वस्त्यांची, उत्तरेकडच्या गिरणी-बंदरांच्या गावांची आणि कॅरिबियन-आशियाई घरांची बोली आहे. बोलीभाषाच नको असेल तर ब्रॉलीही बोलीच आहे. पण तिच्यावर फुली मारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

एकेक शब्द नीट बघा. 'नाउट' म्हणजे काही नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'नाविख्त'पासून आला, हजार वर्षांहून जुना. पुस्तकी इंग्रजीतल्या 'नॉट'चा तो सख्खा भाऊ. ब्रॉलीला अजून दोनशे वर्षंही झाली नाहीत. घराण्याचाच मान द्यायचा असेल तर तो कुणाला द्यायला हवा?

'यूझ'चं तर मला विशेष वाटतं. इंग्रजीत कधीकाळी एका माणसाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' होतं. 'दाऊ' गेला आणि एकाला नि अनेकांना एकच 'यू' उरला. आपल्याला कल्पना करून बघता येईल: उद्या मराठीतून 'तू' नाहीसा झाला आणि 'तुम्ही' म्हटल्यावर समोरचा एकटा की त्याच्याबरोबरचे पाचही जण, हे कळेनासं झालं, तर? पंगतीला बोलावताना पंचाईत होईल. इंग्रजीतली ही पंचाईत साध्या माणसांनी सोडवली. यूला अनेकवचनाचा प्रत्यय लावला आणि भाषेतलं भोक बुजवलं. याला अडाणीपणा म्हणणं म्हणजे फाटलेल्या कापडाला टाका घालणाऱ्याला कापड फाडणारा म्हणणं आहे. माझ्या भाचीच्या वहीत लाल गोल पडला तो या टाक्याभोवती.

आणि 'इनिट'. 'इझन्ट इट'ची अक्षरं घासून झालेला शब्द, ब्रॉली झाली त्याच पद्धतीने. प्रमाण इंग्रजीत वाक्याच्या शेवटी दुजोरा मागायचा तर कर्ता कोण, काळ कुठला हे बघून दर वेळी वेगळं शेपूट जोडावं लागतं. इनिट सगळीकडे एकच. मराठीतला 'ना' हेच काम करतो: तू येणार ना, ती गेली ना, पाऊस आहे ना. आपण त्याला भाषेचं सौंदर्य मानतो.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण बावीस वर्षं ते माझंच म्हणणं होतं. ज्या शाळांनी फलक लावले त्या दुष्ट नव्हत्या. गरीब वस्तीतलं मूल उद्या मुलाखतीला जाईल, तिथे इनिट म्हटल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठी पडेल आणि नोकरी जाईल, ही भीती खरी आहे. विंचेस्टरचा मुलगा काहीही बोलला तरी त्याच्या पाठीशी शाळेचं नाव उभं असतं. या मुलाच्या पाठीशी त्याच्या तोंडच्या वाक्याशिवाय काही नसतं. म्हणून त्याला प्रमाण इंग्रजी आलीच पाहिजे, आणि ती उत्तम आली पाहिजे. याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. इंग्लंडमधल्या शिक्षकांसाठी २०१२ पासून लागू झालेल्या मानकांत तर विषय कुठलाही असो, प्रमाण इंग्रजीच्या योग्य वापराची जबाबदारी प्रत्येक शिक्षकावर टाकली आहे. ठीकच आहे.

पण बंदीने प्रमाण भाषा येते का? ज्या मुलाला आपल्या तोंडातला अर्धा शब्दसंग्रह शाळेच्या दारात काढून ठेवायचा आहे, तो शुद्ध बोलू लागत नाही, तो गप्प बसतो. हात वर करणं थांबतं. मी हे पाहिलं आहे, आणि दुसऱ्या देशात जाऊन पाहिलेलं नाही. आमच्याकडे दक्षिण कोकणात आणि गोव्याकडे छत्रीला 'सत्री' म्हणतात. एका जून महिन्यात पाचवीतली एक मुलगी पावसाच्या निबंधात सगळीकडे सत्री लिहून आली. मी सातही ठिकाणी लाल रेघ मारली आणि वर्गात मोठ्याने 'छत्री' असा उच्चार तिच्याकडून करून घेतला. वर्ग हसला. ती वर्षभर वर्गात आपणहून एक वाक्य बोलली नाही. तिच्या आजीची सत्री आणि पुस्तकातली छत्री यांचं नातं मला तिला दोन मिनिटांत दाखवता आलं असतं: छ चा स होण्याची आमच्याकडची रीत, छत्राचा राजाशी संबंध, गोव्यातले लोकही हेच कसे म्हणतात. ती दोन मिनिटं मी तिला दिली नाहीत, याचं दुःख मला आजही आहे. ती छत्री लिहायला शिकली, हे खरं. पण ते शिकायला तिला अपमानाची गरज नव्हती.

ब्रॉली हाच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. गेली दीडशे वर्षं इंग्लंडमध्ये मुलं घरी ब्रॉली म्हणतात. मोठी होऊन वकील होतात, वैज्ञानिक होतात, करारपत्रं आणि शोधनिबंध लिहितात. त्यांपैकी कुणाच्या करारपत्रात ब्रॉली घुसत नाही. कुठे काय बोलायचं हे त्यांना कुणी बंदी घालून शिकवलेलं नाही; दोन्ही शब्द त्यांच्या कानावर प्रेमाने पडले आणि दोघांच्या जागा त्यांना आपोआप उमगल्या. जे ब्रॉलीच्या बाबतीत आपोआप होतं, ते नाउटच्या बाबतीत होणार नाही असं मानायला मेंदूचं किंवा भाषेचं कुठलंही कारण नाही. ते कारण फक्त बोलणाऱ्याच्या पत्त्यात आहे.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट आहे, ती लपवणं बरं नव्हे. खालच्या तोंडचे सगळेच शब्द इंग्रजीने टाकले असं नाही. 'डुलाली' म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द ब्रिटनमध्ये आजही सर्रास चालतो, आणि तो आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. १८६१ पासून तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्महिने पडून राहत. उन्हाने, आजाराने, रिकामपणाने त्यांची मनं बिघडत. त्याला ते 'डुलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. मायदेशासाठीचा त्यांचा लाडका 'ब्लायटी' हा शब्दही विलायतीवरून झाला. हे शिपायांचे शब्द, विंचेस्टरचे नव्हेत. पण ते तगले कसे? मला वाटतं, पहिल्या महायुद्धात साहेब आणि शिपाई एकाच चिखलात राहिले म्हणून. खंदकात अधिकाऱ्याच्या कानावर शिपायाची भाषा रात्रंदिवस पडली आणि तो ती घरी घेऊन गेला. वर्गाची भिंत जिथे थोडा वेळ पडली तिथून शब्द पलीकडे गेले. मश-फेकर आणि साहेब मात्र कधी एका छताखाली राहिले नाहीत. पाऊस थांबेपर्यंतही नाही.

इंग्लंडला हे शहाणपण नवीन नाही. इतिहासकार ॲलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७५ मध्ये भाषाशिक्षणावरचा जो अहवाल सरकारला दिला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं, की शाळेचा उंबरठा ओलांडताना घरची भाषा आणि संस्कृती टाकून द्यावी अशी अपेक्षा कुठल्याही मुलाकडून करू नये. ते वाक्य होऊन अडतीस वर्षं झाल्यावर ते फलक लागले. समित्या शहाण्या निघतात आणि शाळेच्या भिंतीवर भीतीच चिकटवली जाते, हे आपल्याला परकं नाही. आनी-पानी म्हणणाऱ्या मुलांना आपल्याकडे काय सोसावं लागलं, ते सोसणारे आज लिहू लागले आहेत म्हणून आपल्याला कळतं आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. बंदीचे फलक उतरवावेत, आणि त्या रिकाम्या जागी मुलांकडूनच शब्दांच्या जोड्या लिहून घ्याव्यात: घरी काय म्हणतो, अर्जात काय लिहितो. विंचेस्टरने आपल्या नोशन्ससाठी केलं तसं या शब्दांचं वय शोधावं, कूळ शोधावं, आणि वाटल्यास परीक्षाही घ्यावी, शिक्षकांची सुद्धा. मिडल्सब्रोच्या शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाला नाउट कुठून आला हे सांगता यायला हवं. माझ्या बहिणीने पालकसभेत हे सुचवून पाहिलं. बाईंनी ऐकून घेतलं, यूझवरचा शेरा खोडला नाही, पण दुसऱ्या आठवड्यात वर्गात छत्रीला कुणाच्या घरी काय म्हणतात हे विचारलं. पोलिश आलं, पंजाबी आलं, सोमाली आलं, ब्रॉली तर आलीच. भाचीने सत्री सांगितलं आणि फळ्यावर ते कसं लिहायचं हे बाईंना देवनागरीत काढून दाखवलं.